माग घ्यावा, मागे लागू नये

कार्तिक सरत आला की दारव्हा परिसरातील शिवारे पांढरी दिसू लागतात. कापसाची बोंडे फुटलेली असतात, तूर पुरुषभर उंच होऊन फुलोऱ्यावर आलेली असते, आणि हरभऱ्याला पहिले पाणी दिलेल्या वावरातील काळी माती लोण्यासारखी मऊ झालेली असते. रात्रीतून त्या मातीवरून कोण गेले, हे सकाळी वावरात पाऊल टाकणाऱ्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. रोह्यांच्या कळपाचे खूर, रानडुकरांनी उकरलेला धुरा, पांदणीतून गेलेल्या कोल्ह्याची सरळ रेघ, ही त्याच्या नित्य परिचयाची अक्षरे होत. परंतु एखाद्या सकाळी या ओळखीच्या अक्षरांत एक अनोळखी अक्षर उमटलेले दिसते, आणि मग सारे गाव त्या वावराकडे धावते.

असाच एक प्रसंग प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी अडाण नदीच्या खोऱ्यातील एका खेड्यात पाहिला. शासकीय योजनांच्या माहितीसाठी गावात गेलो असता चावडीवर चिटपाखरू नव्हते. तीस-चाळीस माणसे, काहींच्या हाती काठ्या व बहुतेकांच्या हाती मोबाइल, एका ठशामागून दुसरा ठसा शोधीत नाल्याच्या दिशेने निघाली होती. वाघ आल्याची वार्ता होती. थोड्याच वेळात वनरक्षक पोहोचले. त्यांनी ठसा पाहण्याआधी माणसे थांबविली, सर्वांना धुऱ्याच्या अलीकडे आणले आणि मगच ते मातीजवळ वाकले. क्षणभराने ते वावराच्या वृद्ध मालकास म्हणाले, "बाबा, वाघ चालताना आपली नखं दाखवत नाही. हे तरसाचं पाऊल आहे."

गर्दी पांगली, हशाही झाला. पण ठसा तरसाचा निघाला, हे केवळ त्या दिवसाचे सुदैव होते. तो वाघाचा असता तर नाल्यात विसावलेल्या त्या जनावराची वाट चाळीस माणसांनी तिन्ही बाजूंनी अडविली असती. वन्य प्राण्याचा माग घेणे आणि त्याच्या मागे लागणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीमुळे माणूस आणि जनावर यांच्यातील अंतर राखले जाते, तर दुसरीमुळे ते नाहीसे होते. हा भेद आज यवतमाळ जिल्ह्यातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे झाले आहे.

टिपेश्वरहून निघालेला पांथस्थ

दारव्हा तालुका हा काही वाघांचा मुलूख म्हणून ओळखला जात नाही. मात्र याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, पांढरकवड्याजवळ, टिपेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. तेथे वाघांची चांगली वाढ झाली; पण वयात आलेल्या नर वाघाला स्वतःचे स्वतंत्र क्षेत्र लागते, आणि ते जवळपास मिळाले नाही म्हणजे तो ते शोधावयास बाहेर पडतो.

अशाच एका तरुण वाघाची कथा आता सर्वश्रुत आहे. टिपेश्वरमधील टी-१ या वाघिणीचा हा बछडा 'टी-१-सी-१' या क्रमांकाने ओळखला जाई. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसविली. त्याच वर्षी तो टिपेश्वर सोडून निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील अनेक जिल्हे पार करीत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या साऱ्या भ्रमंतीचे अंतर भरले सुमारे ३,००० किलोमीटर. कॉलरमधील यंत्रणा उपग्रहाच्या साहाय्याने त्याचा ठावठिकाणा वेळोवेळी नोंदवीत होती. त्या नोंदींवरून असे दिसून आले की तो बहुतांशी रात्री चाले, आणि त्याच्या मार्गात शेते, नद्या, रस्ते, कापसाची वावरे असे सारे काही होते. दिवसा तो झुडपांत पडून राही. शेकडो खेड्यांच्या शिवारातून तो गेला, पण त्यांपैकी बहुतेकांना त्याची चाहूलही लागली नाही.

२०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगघाट अभयारण्यात अवचित दिसलेला वाघही टिपेश्वरचाच असल्याचे, कॅमेऱ्यात टिपलेल्या त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून निष्पन्न झाले. तात्पर्य, ज्या शिवारात वाघ राहत नाही त्या शिवारातूनही तो जाऊ शकतो. ओढे, नाले, नदीकाठची झाडी व उभी पिके या त्याच्या वाटा होत. या वाटांवर आपलीही जागल, वेचणी आणि ओलीत चालते.

मातीतील अक्षरओळख

वाघ, बिबट, रानमांजर या कुळातील प्राण्यांच्या ठशात चार बोटे व मागे एक मोठी गादी उमटते. गादीची मागील कड तीन पाकळ्यांची असते आणि नखे आत ओढलेली असल्याने त्यांच्या खुणा सहसा दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोक स्पष्ट उमटते. तरसाचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठे असते. बिबट्याचा ठसा पाणी पिण्याच्या फुलपात्राने सहसा झाकला जातो, वाघाच्या ठशाला त्याहून बरेच मोठे भांडे लागते. तरीही लहान ठसा दिसला म्हणून निर्धास्त होणे बरे नव्हे. तो वाघाच्या बछड्याचाही असू शकतो, आणि बछडा जेथे असतो तेथून त्याची आई फार दूर नसते.

अस्वलाच्या मागील पावलाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलाची आठवण करून देतो. पाचही बोटे जवळजवळ एका ओळीत असतात व त्यांच्यापुढे काही अंतरावर लांब नखांची छिद्रे पडलेली असतात. रानडुकराच्या दोन खुरांच्या मागे मऊ जमिनीत आणखी दोन बारीक खुणा दिसतात. रोह्याचे खूर त्याहून मोठे असतात.

ठसा कोणाचा, याइतकेच तो केव्हाचा हेही महत्त्वाचे असते. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात. ऊन व वारा लागला की त्या ढासळू लागतात. ठशावर दव पडलेले असेल तर जनावर पहाटेपूर्वी गेले असावे. त्यावरून मुंग्यांची रांग गेली असेल, किडे चालले असतील किंवा वाळलेले पान पडले असेल तर बराच वेळ लोटला असे समजावे. चिखलात ठसा पसरतो, त्यामुळे लहान जनावरही मोठे भासते. झाडाच्या खोडावरील ओरखडे, मातीत पायांनी ओढलेले फरकाटे, केस मिसळलेली विष्ठा, एकाच जागी उतरणारे कावळे या अन्य खुणा होत. जंगलालगत तर सर्वांत विश्वासार्ह बातमीदार झाडावर बसलेला असतो. वानर एकाच दिशेने पाहत खोकल्यासारखा आवाज पुन्हा पुन्हा काढू लागले, किंवा चितळाने तीक्ष्ण साद घातली, म्हणजे त्या दिशेस एक पाऊलही पुढे टाकू नये.

काचेपासून कॅमेऱ्यापर्यंत

माग घेण्याच्या या पारंपरिक विद्येला गणनाशास्त्राची जोड ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात दिली. ठशावर काच ठेवून त्याची बाह्यरेषा काढावयाची, प्लास्टर ओतून साचा घ्यावयाचा आणि त्यावरून वाघ ओळखावयाचा, अशी ती पद्धत होती. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ असल्याचा आकडा याच मार्गाने आला, आणि दुसऱ्याच वर्षी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पात आपल्या विदर्भातील मेळघाटचा समावेश पहिल्या नऊ क्षेत्रांत झाला. मात्र केवळ ठशांवरून प्रत्येक वाघ निराळा ओळखणे किती अवघड आहे, हे पुढे ध्यानात आले. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे एकही वाघ उरलेला नाही असे उघड झाले, तेव्हा कागदावरील गणनेवर विसंबून राहण्यातील धोका साऱ्या देशाने पाहिला.

त्यानंतर स्वयंचलित कॅमेऱ्यांचा वापर वाढला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधले जातात, कारण वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात. प्राणी समोरून जाताच कॅमेरा आपोआप छायाचित्र घेतो. दोन माणसांचे अंगठे जसे जुळत नाहीत, तसे दोन वाघांचे पट्टेही जुळत नाहीत. २०२२ च्या गणनेनुसार देशात ३,६८२ व महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज याच तंत्राच्या आधारे करण्यात आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने या साधनाचा मोठा गुण असा की जनावर वाटेवर असताना माणसाला तेथे असावे लागत नाही. तरी कॅमेरा कोठे बांधावा हे मातीतील ठसाच सांगतो, म्हणून माग काढणाऱ्या अनुभवी वनमजुराची गरज आजही संपलेली नाही.

तीन घटना, एक धडा

मागे लागण्याचे परिणाम काय होतात, हे गेल्या काही वर्षांतील तीन घटनांवरून स्पष्ट होईल.

पहिली घटना त्याच पांथस्थ वाघाची. एवढ्या दीर्घ प्रवासात त्याच्याकडून माणसाला इजा झाल्याचा एकच प्रसंग शास्त्रज्ञांनी नोंदविला आहे. तो झुडपात विसावला असता काही लोक त्याला पाहण्यासाठी त्याच झुडपात शिरले, आणि त्यांच्यापैकी एकजण जखमी झाला. वाघ कोणाच्याही वाटेस गेला नव्हता. माणसेच त्याच्या निवाऱ्यात गेली होती.

दुसरी घटना अधिक व्यथित करणारी आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात व्याघ्रगणनेसाठी खुणा नोंदवीत पायी चाललेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाघीण रस्त्यावर बसलेली दिसताच पथक थांबले होते. बराच वेळ वाट पाहूनही ती हलेना, तेव्हा वळसा घालून पुढे जाण्याचा प्रयत्न झाला आणि तेवढ्यात तिने मागून हल्ला केला. या घटनेनंतर तेथील पायी पाहणी काही काळ थांबविण्यात आली. प्रशिक्षित कर्मचाऱ्याला, कर्तव्य बजावीत असताना, सर्व काळजी घेऊनही जे टाळता आले नाही, ते कुतूहलापोटी निघालेल्या गर्दीला टाळता येईल असे मानणे हा भ्रम होय. वाघ दिसला की त्या दिवसाचे काम तेथेच संपले, हा नियम त्या वनरक्षकाच्या बलिदानाने आपल्यापुढे ठेवला आहे.

तिसरी घटना आपल्याच जिल्ह्यातील. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव व पांढरकवडा परिसरात वाघाच्या हल्ल्यांत १३ जणांचे बळी गेल्याचे सांगण्यात आले. त्या भागातील वाघिणीलाही टी-१ असाच क्रमांक होता, मात्र ती व टिपेश्वरच्या पांथस्थाची आई या निराळ्या होत. शेतावर जाणे लोकांना जिवावरचे झाले, पेरणी-वेचणीची कामे खोळंबली, आणि ज्या घरांतील कर्ती माणसे गेली त्यांचे दुःख तर कोणत्याही आकड्यात मावणारे नव्हते. वाघिणीच्या शोधासाठी कॅमेरे, उष्णता टिपणारे ड्रोन, श्वान व हत्ती अशी सारी साधने आणण्यात आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये या मोहिमेतील एक हत्ती साखळी तोडून निसटला आणि त्याच्या हल्ल्यात एका महिलेला प्राण गमवावे लागले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटी गावानजीक वाघीण गोळीबारात मारली गेली. तिच्या मागे दोन बछडे राहिले. या प्रकरणी मतभेद पुष्कळ झाले, वाद न्यायालयातही गेला. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. जनावराचा माग सुरुवातीलाच, शांतपणे व सातत्याने घेतला गेला, आणि गावकऱ्यांना ते आज कोणत्या बाजूस आहे हे रोज कळत राहिले, तर गोष्टी इतक्या थरास जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

ठसा दिसला तर

वावरात मोठा, नखाविना ठसा आढळल्यास प्रथम आहे तेथेच थांबावे व सभोवार नजर टाकावी. ठशावर पाय पडू देऊ नये. त्यावर टोपले किंवा घमेले पालथे घालून ठेवावे. छायाचित्र घ्यावयाचे असल्यास ठशाशेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून घ्यावे, म्हणजे मापाचा अंदाज येतो. बोटांची दिशा पाहून जनावर कोणत्या बाजूस गेले हे ध्यानात ठेवावे, आणि आपण नेमके उलट दिशेने परतावे. त्यानंतर वनरक्षक, वनपरिक्षेत्र कार्यालय किंवा पोलीस पाटील यांना कळवावे. वन विभागाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १९२६ हा त्यासाठीच आहे. मोबाइलवरून ठिकाणासह वार्ता पसरविणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण वाघाहून आधी तेथे गर्दी पोहोचते.

वनकर्मचारी माग घेतात तेव्हा ते एकटे जात नाहीत. एकाची नजर जमिनीवर असते, तर दुसऱ्याची समोरच्या झाडीवर. जमिनीकडे पाहणारा माणूस स्वतःचे रक्षण करू शकत नाही, म्हणून ही जोडी कधी मोडावयाची नसते. ठसा दाट तुरीत, उसात किंवा नाल्यातील झुडपात शिरला की अनुभवी कर्मचारी त्याच्यामागे जात नाही. तो दुरून वळसा घेऊन पलीकडील मोकळ्या जागेत ठसा बाहेर पडला आहे काय ते पाहतो. पडला नसेल तर जनावर आतच आहे, एवढे समजले की पुरे होते.

वेचणीच्या दिवसांत चौघींनी मिळून, मोठ्याने बोलत काम करावे. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस जनावराला माणूस म्हणून ओळखू येत नाही. वाघ बहुधा मागून येतो. सुंदरबनात १९८० च्या दशकात लोकांनी डोक्याच्या मागील बाजूस माणसाचा मुखवटा बांधून पाहिला, तो याच कारणासाठी. मोहफुलांच्या हंगामात पहाटे झाडाखाली जाताना काठीचा व बोलण्याचा आवाज करीत जावे. अस्वल दचकले की हल्ला करते, आणि आपण येत आहोत हे त्याला आधीच कळले तर ते सहसा स्वतःच दूर होते. जखमी रानडुकराचा पाठलाग कधीही करू नये.

प्राणी समोरच आला तर पळू नये व पाठ फिरवू नये. उभे राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून, सावकाश मागे सरावे आणि त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी. गुराची शिकार झाली असल्यास ते ओढून हलवू नये. शिकार केलेले जनावर संध्याकाळी पुन्हा त्याच जागी येण्याचा संभव असतो, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनामाही जागेवरच व्हावा लागतो. भरपाई वेळेवर मिळाली की मेलेल्या गुरात विष घालण्याचा अविचार आपोआप मागे पडतो, ही बाब संबंधित यंत्रणांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कुंपणात वीज सोडण्याचा मार्ग तर कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय त्या तारेला रोही व वाघ यांच्याइतकाच रात्रीच्या जागलीस निघालेला शेजारीही अडकतो.

अडाणकाठच्या त्या गावी पुढे पुन्हा जाण्याचा योग आला. ज्या वावरात तरसाचा ठसा उमटला होता तेथे वेचणी चालली होती. पाच-सहा बायाबापड्या एका ओळीत, बोलत, मधूनच हसत कापूस वेचीत होत्या, आणि मालक धुऱ्यावर उभे राहून नाल्याकडे पाहत होते. सकाळी वावरात शिरण्यापूर्वी आता ते प्रथम पांदणीतील धूळ पाहतात, असे त्यांनी सांगितले. काही निराळे दिसले तर त्या दिवशी नाल्याकडील ओळी सोडून द्यावयाच्या आणि वनरक्षकाला कळवावयाचे, एवढाच त्यांचा नियम. एका दिवसाची वेचणी मागे पडते, ती दुसऱ्या दिवशी करता येते. हा साधा हिशोब गावोगावी रुजला, तर आपल्या शिवारातून रात्री निघून जाणाऱ्या पांथस्थाचाही प्रवास सुखरूप होईल, आणि सकाळी वावरात गेलेले माणूस संध्याकाळी घरी परतेल.